निकालाआधी पट वाचा

जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या सहावी ते आठवीच्या मुलांची गुणवत्ता चर्चेला आली की प्रश्न ठरलेले असतात. किती मुलांना वाचता येतं? किती जणांना भागाकार जमतो? शिक्षक काय करतात? यातला एकही प्रश्न गैर नाही. पण त्या सगळ्यांच्या आधी विचारायला हवा तो प्रश्न मागेच राहतो : त्या वर्गात बसलेली मुलं कोणत्या घरांतून आली आहेत?

‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत आठवीला असलेल्या ६७.५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो. म्हणजे जवळपास दर तिसरं मूल हायस्कूलच्या दारात येऊनही वाचताना अडखळतं. भागाकाराची अवस्था याहून वाईट आहे. सरकारी आणि खासगी शाळा एकत्र धरल्या तरी आठवीतल्या ४५.८ टक्के मुलांनाच तो जमतो. हे आकडे अस्वस्थ करणारे आहेत आणि त्यांनी आपल्याला अस्वस्थ केलंच पाहिजे. मात्र त्यांच्या आधाराने ‘सरकारी शाळा वाईट, खासगी चांगल्या’ असा निवाडा देऊन मोकळं होणं अन्यायाचं आहे.

खासगी शाळेची फी भरू शकणारं घर मुळातच वेगळं असतं. आई शिकलेली असते, महिन्याची मिळकत बऱ्यापैकी ठरलेली असते, शिकवणीला पैसे निघतात. त्या घराने दिलेली पुंजी निकालात दिसते आणि तिचं श्रेय शाळा घेते. हे तपासणारा मोठा प्रयोग आंध्र प्रदेशात झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी सोडत काढून खेड्यांतल्या काही मुलांना खासगी शाळेत जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली आणि ज्यांचं नाव सोडतीत निघालं नाही त्यांच्याशी चार वर्षं तुलना केली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तेलुगू आणि गणित या दोन्ही विषयांत फरक आढळला नाही. हिंदीत मात्र खासगी शाळेतली मुलं पुढे होती, कारण तिथे हिंदीला बराच वेळ दिला जात होता. खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च कमी होता, हेही त्याच अभ्यासाने दाखवलं आणि सरकारी यंत्रणेने ते मनावर घ्यायला हवं. पण सारख्याच घरांतली मुलं घेतली, तर गुणांमधली दरी पुष्कळशी मिटते, ही गोष्ट उरतेच.

अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या १९६६ च्या अहवालाने हाच मुद्दा देशव्यापी आकडेवारीने मांडला होता : मुलाच्या यशाशी सर्वांत घट्ट नातं त्याच्या घरच्या परिस्थितीचं असतं. त्यावरून अनेकांनी ‘मग शाळेने काय फरक पडतो’ असा सोयीचा अर्थ काढला. त्याच अहवालात असंही नोंदवलं होतं, की ज्यांच्या घरी आधार कमी, त्या मुलांवर शाळेच्या आणि शिक्षकाच्या दर्जाचा परिणाम अधिक होतो. मला हे वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. गरिबाच्या मुलाला चांगला शिक्षक सर्वांत जास्त लागतो, आणि त्याचा लाभही त्यालाच सर्वांत जास्त होतो.

आपल्याकडे चाललंय नेमकं उलट. बीडमधल्या ऊसतोड कुटुंबांची मुलं दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर फडावर जातात आणि गाळप हंगाम संपला की परततात. सहावी-सातवीतली मुलगी तिथे धाकट्या भावंडांना सांभाळते, पाणी भरते, स्वयंपाक करते. परतल्यावर ती ज्या वर्गात बसते त्या वर्गाचा निकाल खालावतो आणि ठपका शाळेवर येतो. पट घटला की शिक्षकही जातो. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचा, म्हणजे पटानुसार शाळेची शिक्षकपदं मंजूर करण्याचा, जो निकष आणला, त्यानुसार सहावी ते आठवीचा पट २० पेक्षा कमी असेल तर नियमित पदवीधर शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही. वाडी-वस्तीवर वीस मुलं कुठून आणायची? भाषा, गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्र यांना स्वतंत्र शिक्षक मिळण्याचा हक्क शिक्षण हक्क कायद्याने याच वर्गांना दिला आहे.

त्याआधी महिनाभर, ९ फेब्रुवारी २०२४ रोजी, राज्य सरकारने आणखी एक नियम बदलला होता. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या विनाअनुदानित खासगी शाळांना शिक्षण हक्क कायद्याने गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागांमधून सूट देण्यात आली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली, हे बरंच झालं. ती टिकली असती तर गरीब मुलं एका शाळेत आणि सुस्थितीतली दुसऱ्या शाळेत, अशी वाटणी सरकारी मोहोर लागून पक्की झाली असती. पुढे दोन्ही शाळांचे निकाल शेजारी ठेवून आपण गुणवत्तेवर परिसंवाद भरवले असते.

‘घरची परिस्थिती’ ही शिक्षकांना आयती सबब मिळते, असा आक्षेप घेतला जातो. तो मला मान्य आहे. ‘आमच्याकडे अशीच मुलं येतात’ असं म्हणणाऱ्या शाळेत ती मुलं शिकत नाहीत. म्हणूनच निकाल मोजण्याची रीत बदलायला हवी. शाळांची माहिती ठेवणाऱ्या यू-डायस प्लस या सरकारी प्रणालीत २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते. मग सहावीत आलेलं मूल कुठे होतं आणि आठवी संपताना ते कुठवर पोहोचलं, हे का पाहू नये? ज्या शाळेने अक्षरओळखीवर अडलेल्या मुलाला परिच्छेद वाचण्यापर्यंत आणलं, तिने मोठं काम केलं आहे. ज्या शाळेने चांगलं वाचणारं मूल घेतलं आणि होतं तिथेच ठेवलं, तिला जाब विचारला पाहिजे. यात कोणालाच सबब उरत नाही. अर्थात एकेका मुलाची जात वा गरिबी चव्हाट्यावर यावी असं मी म्हणत नाही. नोंदी यंत्रणेकडेच राहाव्यात आणि त्यांच्या आधारे मदत कुठे जास्त द्यायची ते ठरावं.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी शेतकऱ्यांच्या कष्टातून येणारा महसूल वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, याकडे बोट दाखवलं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते वसतिगृहं उभारत होते. शाळा उघडली म्हणजे मूल शिकतंच असं नाही, त्याला राहायला छप्पर आणि दोन वेळचं जेवणही लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

आज करायचं ते याच वाटेवरचं आहे. स्थलांतरित, आदिवासी आणि पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलांचं प्रमाण जिथे जास्त, तिथे पदवीधर शिक्षकाची जागा आधी भरावी आणि तिथे पटाची अट शिथिल असावी. हंगामी वसतिगृहं कुटुंबं निघण्याआधी सुरू व्हावीत, निघून गेल्यावर नव्हे. आणि जिल्ह्याच्या आढावा बैठकीत शाळेच्या निकालाशेजारी तिच्या पटाचं वर्णनही ठेवलं जावं. मुलांच्या घरच्या अडचणींचा हिशेब शाळेला शिक्षा करण्यासाठी मांडायचा, की तिला जास्त देण्यासाठी, हा निर्णय राज्याचा आहे, आणि तो येत्या संचमान्यतेतच दिसला पाहिजे.