भर पेठेंतील कलाप्रदर्शन

चित्रें व शिल्पें हीं श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतील वस्तु होत, असा समज आपल्याकडे अद्याप बराच रूढ आहे. तो खोडून काढण्यास आपल्या जिल्ह्याबाहेर जावें लागत नाहीं. अंबाजोगाईच्या हत्तीखान्यांत पाषाणांतून कोरलेले हत्ती उघड्या अंगणांत उभे आहेत. बीडच्या कंकालेश्वर मंदिराच्या बाह्य भिंतींवरील मूर्ति येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांच्या दृष्टीस पडतात. ज्यांनीं हीं शिल्पें घडविलीं, त्यांनीं तीं उघड्यावर, सर्वांसमोर ठेविलीं.

अलीकडे मुंबईनें हीच रीत उचलली आहे. तेथील काळा घोडा या भागांत १९९९ सालापासून फेब्रुवारीच्या सुमारास कलामहोत्सव भरत आला आहे. त्या वेळीं भर रस्त्यांत मोठमोठ्या कलाकृति मांडल्या जातात व त्या पाहण्यास दाम मोजावे लागत नाहींत. ज्या पुतळ्यावरून त्या भागास हें नांव पडलें, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ सालीं तेथून हलविण्यांत आला व पुढें भायखळ्याच्या उद्यानांत ठेवण्यांत आला. तरी लोकांनीं जागेचें नांव सोडलें नाहीं; शेवटीं २०१७ सालीं स्वाराविना एक नवा काळा घोडा तेथें उभारावा लागला. रस्त्यांतील एका शिल्पावर सामान्य जनांचा जीव किती जडतो, याचें हें उत्तम उदाहरण होय.

बीडच्या बाजारपेठेंतही असें प्रदर्शन भरावें, परंतु तें उन्हाळ्यांत भरावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. आपल्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडणीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, तीं कारखान्यांचा हंगाम आटोपल्यावर, म्हणजे बहुधा मार्च-एप्रिलांत परततात. शाळांचीं स्नेहसंमेलनें, चित्रप्रदर्शनें व बक्षीससमारंभ बहुतेक हिवाळ्यांतच उरकले जातात. त्या वेळीं हे आईबाप उसाच्या फडांत असतात, आणि कित्येक मुलेंही त्यांच्या बरोबर गेलेलीं असतात. आपल्या मुलानें काढलेलें चित्र चार लोक उभे राहून पाहत आहेत, हें पाहण्याचा योग या पालकांस येतच नाहीं. मागें राहिलेल्या मुलाच्या चित्राकडे त्याच्या घरचें कोणी पाहिलें नाहीं, तर त्याचा उत्साह टिकणार कसा?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला उन्हाचा. मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो हें खरें. परंतु मृग लागण्यापूर्वीं बी-बियाणें व अवजारें घेण्यास खेड्यापाड्यांतील माणसें मोंढ्यावर येतातच. सकाळीं व सायंकाळीं, वर कापडाचा मांडव घालून, हें प्रदर्शन सहज चालेल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या जिल्ह्यांत गांवोगांव टँकरनें पाणी पुरवावें लागतें, तेथें ही चैन कशाला? आमचें उत्तर असें कीं चुना, गेरू, कोळसा व जुनीं पोतीं यांस फारसा खर्च येत नाहीं. दर उन्हाळ्यांत आपले व्यापारी अनोळखी वाटसरूंसाठीं पाणपोई घालतात. त्याच पाणपोईशेजारच्या भिंतीवर चित्रें लावावीं. पाणी पिण्यास थांबलेला मनुष्य तीं पाहील.

प्रदर्शनांत काय असावें, याचाही विचार व्हावा. २०१७ सालीं मुंबईच्या ससून गोदींत कलाप्रदर्शन भरलें, तेव्हां त्या परिसरांतील माणसांचीं मोठीं छायाचित्रें भिंतींवर लागलीं होतीं. आपल्याकडेही ऊसतोड कामकऱ्यांचे चेहरे भिंतींवर यावेत. मात्र त्यांचें दैन्य रंगवून वाहवा मिळविण्याचा मोह टाळावा. फडावरून परतलेल्या आयांनीं शिवलेल्या वाकळा, कुंभाराचे रांजण, मुलांचीं चित्रें यांस एकाच रांगेंत जागा द्यावी, आणि प्रत्येक वस्तूखालीं ती करणाराचें नांव ठळक लिहावें.

विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटींत घरमालकाची परवानगी घेऊन एक भिंत चुन्यानें सारवा व तिजवर आपलें चित्र काढा. जुन्या मूर्तींवर व लेण्यांच्या भिंतींवर नांवें कोरण्याची खोड मात्र कायमची सोडा. पालकांपैकीं ज्यांचीं पेठेंत दुकानें आहेत, त्यांस आमची नम्र विनंती आहे कीं त्यांनीं जाहिरातीचा फलक आठ दिवस उतरवून ती जागा मुलांस द्यावी. दिवस ठरविण्यापूर्वीं मात्र फडावरचीं माणसें घरीं पोहोंचलीं आहेत ना, याची चौकशी अवश्य करावी.