कचेरी कोणाच्या वाटेवर?

इचलकरंजी २०२२ मध्ये आणि जालना २०२३ मध्ये महानगरपालिका झाल्यानंतर राज्यातील महापालिकांची संख्या २९ वर गेली. शहर वाढले, त्याचा दर्जा वाढला, की नव्या मुख्यालयाचा प्रश्न आज ना उद्या पुढे येतोच. जुनी इमारत अपुरी पडते, दप्तरांचे गठ्ठे जिन्यापर्यंत येतात, नागरिकांना बसायला बाकही उरत नाही. तेव्हा नव्या इमारतीची मागणी अवाजवी असते असे आम्ही म्हणणार नाही. आमचा आक्षेप आहे तो जागा ठरविण्याच्या रीतीला. प्रशासनाच्या प्रस्तावात 'सदर जागा वाहतुकीच्या दृष्टीने सोयीची आहे' असे एक वाक्य ठरल्याप्रमाणे असते. ते कोणी, कशाच्या आधारे लिहिले, हे सभागृहात सहसा विचारले जात नाही. आणि गेल्या काही वर्षांत तर विचारणारे सभागृहच नव्हते. २०२२ पासून मुंबईसह कित्येक महापालिकांचा कारभार दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होता. सोयीची म्हणजे कोणाच्या सोयीची, हा साधा प्रश्न अशा वेळी करायचा तरी कोणाला?

वाहतूक मोजण्याचे एक शास्त्र आहे आणि त्या शास्त्राचे एक एकक आहे. ते एकक माणूस नाही, मोटारगाडी आहे. शहरी रस्त्यांच्या क्षमतेविषयी इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तिच्यातील कोष्टक कार्यकर्त्यांनी एकदा डोळ्यांखालून घालावे. एक मोटार म्हणजे १. प्रवाहातील प्रमाणानुसार दुचाकी ०.५ ते ०.७५, सायकल ०.४ ते ०.५, रिक्षा १.२ ते २ आणि बस २.२ ते ३.७. पन्नास-साठ माणसे घेऊन येणारी बस या हिशेबात दोन-तीन मोटारींइतकी 'अडचण' ठरते. त्या मोटारींत मिळून पाच-सहा माणसे असली तरी. पायी चालणाऱ्या माणसाला तर या कोष्टकात आकडाच नाही. त्याच्यासाठी वेगळी मार्गदर्शिका आहे, ती पदपथांच्या रुंदीची. रस्त्याची क्षमता काढण्यापुरते हे कोष्टक ठीक आहे, इंजिनियर मंडळींना त्यासाठी दोष देण्याचे कारण नाही. दोष तेव्हा घडतो, जेव्हा याच मोजपट्टीने सार्वजनिक कचेरीची जागा पसंत केली जाते. मग रुंद रस्ता, मोकळा चौक आणि दोन-चारशे गाड्यांचा वाहनतळ असलेला गावाबाहेरचा भूखंड आपोआप उत्तम ठरतो. स्थानकाशेजारची आणि बाजारपेठेतली जागा तेवढ्याच सहजपणे 'कोंडीग्रस्त' म्हणून बाद होते. ती कोंडी मुख्यतः माणसांची असते, आणि तीच माणसे त्या कचेरीत येणार असतात, हे अहवालात येत नाही.

केंद्र सरकारने २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण स्वीकारले. त्याचा गाभाच हा होता की नियोजन वाहनांच्या नव्हे, माणसांच्या ये-जा करण्याचे व्हावे. मुंबई महानगर प्रदेशाच्या २००८ च्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होत असल्याचे आढळले होते. धोरण कागदावर आहे, आकडेही कागदावर आहेत. कचेरीची जागा निवडताना हे दोन्ही कागद बहुधा दुसऱ्याच कपाटात असतात.

परकी राजवटीचे गुणगान करण्याची आम्हांला हौस नाही. परंतु मुंबई महापालिकेची १८९३ मध्ये पुरी झालेली इमारत बोरीबंदर स्थानकाच्या समोर उभी राहिली, आणि त्या एका गोष्टीचा लाभ मुंबईच्या श्रमिकांना सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मिळत आला आहे. कल्याणहून वा कुर्ल्याहून लोकलने निघालेला माणूस रस्ता ओलांडला की महापालिकेच्या दारात असतो. पश्चिमेकडून येणाराही चर्चगेटहून पायी पोहोचतो. १९६१ मध्ये महापालिकेत निवडून गेलेल्या मृणालताई गोरे यांनी उपनगरांतील पाण्याचा प्रश्न धसाला लावला, १९७२ मध्ये महागाई प्रतिकार समितीच्या लाटणे मोर्च्यांनी सत्तेला घाम फोडला. त्या संघर्षांमागे स्त्रियांचा निर्धार होता हे तर खरेच. परंतु चूल, मुले आणि नळाची वेळ सांभाळून हजारो गृहिणींना दुपारी मोर्च्यात येऊन संध्याकाळी घरी परतता येत होते, ते लोकलमुळे आणि सत्तेची ठाणी लोकलच्या टप्प्यात असल्यामुळे. पुण्यातही नदीकाठच्या महापालिका भवनाचा थांबा हा शहरातील मोठ्या बसथांब्यांपैकी एक आहे. 'मनपा' ही अक्षरे पुणेकराला बसच्या पाटीवरूनच ओळखीची झाली. २०२३ पासून तेथे मेट्रोचे स्थानकही आहे.

याच्या उलट काय घडते ते खाडीपलीकडे पाहावे. नवी मुंबईची मूळ कल्पना, जी चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यात मांडली, तिच्यात सरकारी कचेऱ्या खाडीपलीकडे नेणे आणि शहर सार्वजनिक वाहतुकीच्या कण्याभोवती रचणे या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या होत्या. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. पण मंत्रालय जागचे हलले नाही, आणि त्याच दशकात नरिमन पॉइंटच्या भरावावर कचेऱ्यांचे मनोरे उठत राहिले. वाशीला लोकल पोहोचायला १९९२ साल उजाडले. बावीस वर्षे! कचेरी आधी आणि गाडी नंतर, हा क्रम एकदा पडला की त्या मधल्या वर्षांची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. ती किंमत माणसे आपल्या पायांनी आणि खिशांनी चुकवितात.

पुढे त्याच शहराच्या महापालिकेने आपले मुख्यालय २०१४ मध्ये बेलापूरच्या किल्ले गावठाणाजवळ, पाम बीच मार्गाच्या टोकाशी नेले. पूर्वीची कचेरी बेलापूर भवनात, स्थानकापासून पायी जाण्याजोगी होती. नवी इमारत देखणी आहे. तिला घुमट आहे, उंच ध्वजस्तंभ आहे. (आपल्या नगरपित्यांना घुमटाची ओढ का वाटते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) आणि ती ज्या रस्त्यावर आहे, तो रस्ता वेगवान मोटारींसाठी प्रसिद्ध आहे. दिघा, ऐरोली, तुर्भे येथील झोपडवस्त्यांतून लोकलने येणाऱ्या माणसाला स्थानकावर उतरल्यावर आता आणखी एक वाहन धरावे लागते किंवा उन्हातून तंगडतोड करावी लागते. मोटारीतून येणाऱ्यासाठी जागा नि:संशय सोयीची झाली. प्रस्तावातले ते वाक्य खोटे नव्हते, ते फक्त अर्धे होते.

वांद्रे-कुर्ला संकुलाची कथा अधिक बोलकी आहे. दक्षिण मुंबईवरील कचेऱ्यांचा भार उत्तरेकडे सरकविण्यासाठी, पश्चिम आणि मध्य या दोन रेल्वेमार्गांच्या मधोमध हे संकुल योजिले गेले. १९७७ मध्ये त्याचे नियोजन महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आले. कल्पना योग्यच होती. पण संकुलाच्या आत स्थानक आले ते भुयारी मेट्रोचे, आणि ते सुरू झाले ऑक्टोबर २०२४ मध्ये. मधल्या ४७ वर्षांत येथे बँका आल्या, हिरेबाजार आला, आणि मुंबईचे कौटुंबिक न्यायालयही आले. पोटगीसाठी तारखेला येणारी स्त्री ही मोटारवाली नसते. एका हाताला मूल, दुसऱ्या हातात कागदांची पिशवी, आणि वांद्रे स्थानकाबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहणे, असे तिचे वर्षानुवर्षे चालले. पादचाऱ्यांच्या सोयीसाठी म्हणून वांद्रे स्थानकापासून कलानगरच्या दिशेने २००८ मध्ये आकाशमार्गिका बांधली. २०१९ मध्ये ती धोकादायक म्हणून बंद करावी लागली. जमिनीवरचा पदपथ नीट करण्याऐवजी चालणाऱ्याला आकाशात चढवायचे आणि अकरा वर्षांत ते आकाशही काढून घ्यायचे, याला नियोजन म्हणणे कठीण आहे.

भाड्याचा प्रश्न किरकोळ नाही. मे २०२५ मध्ये बेस्टचे साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. सरकारी कामाचा अनुभव असलेल्या कोणालाही ठाऊक आहे की एका खेपेत काम होत नाही. साहेब दौऱ्यावर असतात, एक दाखला कमी पडतो, शिक्का दुसऱ्या मजल्यावरचा लागतो. चार खेपा म्हणजे चार बुडालेल्या रोजंदाऱ्या. त्यांत प्रत्येक खेपेला दोन वेळचे जादा वाहन मिळविले, म्हणजे कचेरीच्या अंतराचा कर कोणावर बसतो ते कळते. हा कर सर्वांत गरिबावर सर्वांत जड असतो, आणि तो कोणत्याही सभागृहाने मंजूर केलेला नसतो.

मग कचेऱ्या बाहेर का जातात? उत्तर वाहतुकीत नाही, जमिनीत आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याचे मुख्यालय गावाबाहेर कोळगाव येथे, बोईसर रस्त्यावर, सिडकोने बांधले आणि २०२१ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. बांधकामाच्या बदल्यात सुमारे ४४० हेक्टर जमीन सिडकोच्या हाती आली. तिच्यातील मोठ्या भागावर नवे शहर वसवून भूखंडविक्रीतून खर्च भरून काढावयाचा, अशी ही योजना. सरकारी तिजोरीला तोशीस नाही म्हणून तिचे कौतुक झाले. पण जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातून एसटीने निघालेला आदिवासी आधीच अर्धा दिवस प्रवासात घालवतो. पालघरला उतरल्यावर उरलेल्या वाटेचे भाडे त्याच्याच कनवटीचे जाणार. मुख्यालय जिथे जाते तिथे रस्ता जातो, पाणी जाते, वीज जाते, आणि शेजारच्या जमिनीचा भाव चढतो. सार्वजनिक कचेरी ही अशा रीतीने खासगी नफ्याची पायवाट बनते. जागेचा ठराव आणि आसपासच्या सात-बाऱ्यांवरील गेल्या काही वर्षांतील फेरफार शेजारी ठेवून वाचण्याची सवय आपल्या नगरसेवकांनी लावून घेतली पाहिजे.

यावर हमखास दिले जाणारे उत्तर असे, की आता सर्व काही संगणकावर मिळते, कचेरीत यावेच कशाला? २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यामुळे अनेक दाखले घराजवळ मिळू लागले, हे चांगले झाले आणि आम्ही त्याचे स्वागतच केले आहे. परंतु दाखला आणि दाद यांत फरक आहे. फेरीवाल्याचा जप्त झालेला माल, झोपडीच्या पात्रतेचा वाद, सफाई कामगाराच्या वारसाहक्काची फाइल, तुंबलेल्या गटाराची दहावी तक्रार या गोष्टी अर्जाच्या चौकटीत मावत नाहीत. त्यासाठी माणसाला माणसासमोर उभे राहावे लागते. जिल्हाधिकाऱ्यांकडे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन ठेवला जातो, तो याचसाठी. डॉ. लोहियांनी गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चौखंबा राज्याची कल्पना मांडली. त्यातला खांब एसटी थांबत नाही अशा ठिकाणी रोवला तर त्याला टेकणार कोण?

जुन्या बाजारपेठेत मोठी जागा मिळत नाही, मिळाली तर महाग असते, ही अडचण खरी आहे. पण सारे खातेप्रमुख, सारी दप्तरे आणि सारे वाहनतळ एकाच छताखाली हवेत, हा आग्रह कशासाठी? ज्यांच्याकडे लोकांचे येणे-जाणे नाही अशी खाती, जुनी दप्तरे, भांडारे खुशाल दूर न्यावीत. करभरणा, जन्ममृत्यू नोंद, परवाने, झोपडपट्टी विभाग आणि लोकप्रतिनिधींची दालने स्थानकाच्या किंवा एसटी स्थानकाच्या हाकेच्या अंतरावर राहिली पाहिजेत, आणि प्रभाग कार्यालयांना निर्णयाचे अधिकार दिले पाहिजेत. अधिकाऱ्यांच्या गाड्यांना जागा नसेल तर अधिकाऱ्यांनी बसने यावे. बस किती वेळाने येते ते त्यांना त्यामुळे कळेल.

विकास आराखड्यातील आरक्षण बदलून कचेरीला जागा द्यायची झाल्यास प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली नोटीस काढावी लागते आणि हरकती-सूचनांसाठी एक महिन्याची मुदत असते. ती नोटीस वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते आणि महिना कळण्यापूर्वी सरतो. म्हणून ज्या ज्या शहरात नव्या मुख्यालयाची कुजबूज सुरू आहे, तेथील शाखांनी वाट पाहू नये. सध्याच्या कचेरीच्या दारात एक बाजाराचा दिवस आणि एक साधा दिवस, सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत दोघा-तिघांनी वही घेऊन उभे राहावे. येणाऱ्याला नाव विचारू नये. कोठून आलात, कशाने आलात, भाडे किती पडले, आजचा रोज बुडाला काय, आणि या कामासाठी ही कितवी खेप, एवढेच पाच प्रश्न पुरेत. त्याच लोकांना प्रस्तावित जागेवर पोहोचायला किती वाहने बदलावी लागतील आणि किती पैसे जास्त पडतील, ते एसटी-बसच्या वेळापत्रकावरून काढता येते. हा तक्ता हरकतीसोबत जोडावा, त्याची पोच घ्यावी आणि सुनावणीला वहीसकट हजर राहावे.