जोडणी

गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेत धाकट्या भावाकडे गेलो होतो. मोटारीमागे ओढायचे चिमुकले चाकांवरचे घर त्याने घेतले होते. मोटारीचा गोळा १⅞ इंची, घराच्या दांडीची वाटी २ इंची. "दादा, बसतोय की!" तो म्हणाला. दुकानदाराने मान हलवली. खड्ड्यात उसळले की निसटेल! गोळा बदलला, साखळ्या दांडीखाली फुलीसारख्या अडकवल्या. भरलेल्या घराच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार गोळ्यावर हवा, नाहीतर घर शेपटीसारखे डुलते. म्हणून भावजयीने मागे रचलेले डबे पुढे हलवले. मगच दोघी पुतण्या मोटारीत बसल्या.

वाचकहो, वर्गात चुकलेल्या संधीला मी अर्धा गुण कापतो. रस्त्यावर चुकलेल्या जोडणीला पुरवणी परीक्षा नसते!