पिशवी पोटाला आहे, तोंडाला नव्हे

‘जीव वाचला ना? मग आणखी काय हवं?’ हा प्रश्न मी उज्जैनमधल्या आपल्या मराठी घरांतून वारंवार ऐकते. विचारणारी माणसे मायेचीच असतात. तरीही हा प्रश्न क्रूर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गुदाशयाच्या कर्करोगासाठी माझी शस्त्रक्रिया झाली. गुदद्वार काढले, आतड्याचे टोक पोटावर आणले आणि तिथे मलाची पिशवी आली. त्या नव्या तोंडाला स्टोमा म्हणतात. घरी निघताना पथ्याचा कागद मिळाला, पिशवी बदलायला शिकवले, यजमानांना खर्च समजावला. नवरा-बायको म्हणून पुढे काय, हे कुणी सांगितले नाही. पुरुष रुग्णाला निदान दबक्या आवाजात तरी काही सांगतात. बाईला मात्र त्यातले काही नकोच असते, असे सगळे धरून चालतात. शेजारच्या भाभी म्हणाल्या, ‘अब भगवान का नाम लो.’ मावशींनी जपमाळ दिली. भाषा दोन, उपदेश एकच!

आता जे सांगायला हवे होते ते मीच सांगते. या शस्त्रक्रियेत ओटीपोटातल्या नाजूक नसांना इजा होऊ शकते. गुदाशय गेल्यावर योनीला मागचा आधार उरत नाही. किरणोपचाराने योनी कोरडी व अरुंद होते. तरुण बाईची पाळी अकाली बंद पडू शकते. म्हणून संबंध दुखतात. हा मनाचा खेळ नव्हे आणि नवऱ्याविषयीची अप्रीती तर नव्हेच. यावर उपाय आहेत : पाण्यात विरघळणारे वंगण, डॉक्टरांच्या सल्ल्याने योनी हळूहळू रुंदावण्याची साधने व औषधे, वेगळी आसने. आधी पिशवी रिकामी करावी, वर सुती पट्टा बांधावा. अलगद स्पर्शाने स्टोमा दुखत नाही. कर्करोग शेजेने लागत नाही. मग वेगळी खोली आणि स्वयंपाकघरातले सोवळे कशासाठी? मल प्रत्येकाच्याच पोटात असतो. माझा तेवढा पिशवीत आहे.

साधी गोष्ट घ्या. स्टोमाची जागा शस्त्रक्रियेआधी बाईला बसवून, उभी करून आखायला हवी. परकराची नाडी नेमकी त्यावर आली, तर ती आयुष्यभर काचते. हे बाईला विचारल्याशिवाय कसे कळणार?

कुणी म्हणेल, दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय कशाला? र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढले, तेव्हाही लोक हेच म्हणत होते. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि १९३४ साली खुद्द डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. आणि आम्ही तर कालिदासाचे गाववाले! ‘कुमारसंभवा’च्या आठव्या सर्गात शिवपार्वतीचा शृंगार आहे, तो आम्हांला अभिमानास्पद, पण घरातल्या आजारी बाईने जवळीक मागितली की आमची मान खाली.

अमेरिकेत क्लीव्हलंडला नॉर्मा गिल या स्वतः स्टोमा असलेल्या बाईने १९५८ पासून अशा रुग्णांना शिकवण्याचे काम हाती घेतले. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया १९७५ पासून आहे. म्हणजे वाट आहे. आपण तिकडे पाहत नाही, इतकेच.

तेव्हा डॉक्टरांनो, शस्त्रक्रियेआधी बाईशी, एकटीशी बोला. नवरे मंडळींनो, दया नको, हात धरा. ज्या बाईला यापुढे काही नको असेल, तिचा नकारही माना. पण तो तिचा असू द्या, घराने ठरवलेला नको. आणि बायांनो, दुखत असेल तर सोसू नका, विचारा. जीव वाचवला तो जगण्यासाठी. नुसता मोजण्यासाठी नव्हे.