फुकटचे म्हणून कसेही चालेल?

स्वयंसेवकांच्या मुक्त सॉफ्टवेअरला दर्जाचे नियम लावले तर माणसे पळतील, हे एका पत्रलेखकाचे मत पटले नाही. लोहित देवनागरी हा मुक्त फॉन्ट घ्या. त्यातला अक्षरजोडणीचा एखादा नियम चुकीचा बदलला, तर 'दऱ्या'चा 'दर्या' होईल. असा बदल न तपासता घ्यायचा? सकारण नकाराने बदल पाठवणारा माणूस रुसतो, पण टिकतो. महिनोन्‌महिने उत्तरच आले नाही की जातो. टंचाई आहे ती तपासणाऱ्यांची. फाइलचा आकार कमी करणाऱ्या 'एक्सझेड' या मुक्त सॉफ्टवेअरचा भार एका थकलेल्या स्वयंसेवकावर होता. मदतनीस म्हणून आलेल्याने त्यात चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्यांना तो सापडला, तोही लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागला म्हणून! असे तपासणारे घडावेत म्हणून आमच्याकडच्या कॉलेजांनी पोरांना आधी दुसऱ्याचा कोड वाचायला लावावे.

— एक वाचक, आर्वी (जि. वर्धा)