वेग वाढल्यासारखा वाटतो, पण मोजला का?

औषध घेतल्यावर बरे वाटणे आणि औषधाने बरे होणे, या दोन वेगळ्या गोष्टी. हा फरक ओळखण्यासाठी वैद्यकशास्त्रात जणू चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडतात आणि मग परिणाम मोजतात. आता संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याच्या साधनांचीही अशी चाचणी होऊ लागली आहे.

अमेरिकेतील ‘मीटर’ या ना-नफा संस्थेने जुलै २०२५ मध्ये अशी एक चाचणी प्रसिद्ध केली. १६ अनुभवी प्रोग्रामर, २४६ कामे. कोणत्या कामात कृत्रिम बुद्धिमत्तेची (एआय) मदत घ्यायची, हे नशिबावर सोडले. काम संपल्यावर प्रोग्रामरना वाटले, आपला वेळ २० टक्के वाचला. प्रत्यक्षात तो १९ टक्के जास्त लागला होता.

याउलट, २०२३ मधील एका चाचणीत एआय साधन वापरणाऱ्यांनी काम ५५.८ टक्के लवकर संपवले. तिच्या संशोधकांत ते साधन विकणाऱ्या कंपनीचे लोक होते, हे लक्षात ठेवावे. पण मुख्य फरक कामात होता. तिथे छोटे, सुटे काम नव्याने करायचे होते; ‘मीटर’च्या चाचणीत प्रोग्रामर स्वतःच्या ओळखीच्या, जुन्या आणि मोठ्या प्रकल्पांवर काम करत होते. औषध तेच, रुग्ण वेगळा. शिवाय साधने झपाट्याने बदलत आहेत; आजचा निष्कर्ष उद्या टिकेलच असे नाही.

प्रोग्रामिंगच्या भाषांचा वादही असाच जुना आहे. जर्मन संशोधक लुट्झ प्रेशेल्ट यांनी २००० मध्ये सात भाषांतील ८० प्रोग्राम तपासले. पायथन, पर्ल यांसारख्या लवचीक भाषांत लिहायला सी किंवा जावाच्या तुलनेत निम्माच वेळ लागल्याचे दिसले. मात्र लवचीक भाषांचा वेळ प्रोग्रामरनी स्वतःच सांगितलेला होता.

या भाषांत कोणती माहिती आकडा आणि कोणती मजकूर, हे आधी जाहीर करावे लागत नाही. वेळ वाचतो तो इथे, आणि धोकाही इथेच. जावास्क्रिप्टमध्ये मजकूर म्हणून नोंदलेल्या ५ मध्ये ५ मिळवले, तर १० ऐवजी ५५ मिळतात. पायथन अशा वेळी चूक दाखवून थांबते, पण ती ओळ प्रत्यक्ष चालेल तेव्हाच. दुकानाच्या बिलात ही चूक निस्तरता येते. औषधाच्या मात्रेत ती जिवावर बेतू शकते.

रुग्णालयांचे केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या नोंदी आता संगणकावर येत आहेत. अशी प्रणाली घेताना ‘किती दिवसांत देणार?’ एवढेच विचारून भागणार नाही. चाचण्या कोणी केल्या, चूक झाली तर ती कोणाच्या लक्षात येईल आणि दुरुस्त कोण करेल, हेही विचारायला हवे. लिहिताना वाचलेला वेळ रुग्णाच्या खाटेशी वसूल होणार असेल, तर ती बचत नव्हे.