पहिल्या आठवड्याचे पाच तारे

रविवारची दुपार. पंखा बंद, खिडक्या बंद, घरातल्या सगळ्यांना गप्प बसायची ताकीद. सोफ्यावर, बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीला, पुठ्ठ्याच्या घडीच्या स्टँडवर बोटभर माइक उभा आहे. समोरच्या डाव्या स्पीकरमधून ‘टुईं टुईं’ असा आवाज निघतो, मग मधल्या, मग उजव्या, मग मागच्या. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते आणि टीव्हीवर सूचना झळकते: खोलीत गोंगाट फार आहे, पुन्हा मोजा. नवा होम थिएटर रिसीव्हर घरी आला की हा सोहळा होतो. निदान व्हायला तरी हवा. माइक आठ जागी हलवून खोलीचं माप घ्यायची सोय डेनॉनच्या एक्स१७००एचसारख्या मधल्या किमतीच्या यंत्रातसुद्धा असते. पण तिसऱ्या-चौथ्या जागेनंतर मालकाचा धीर सुटतो, माइक पिशवीत जातो आणि सिनेमा लागतो.

त्याच रात्री फोनवर अभिप्राय लिहिला जातो. ‘जबरदस्त! भिंती हादरल्या. पैसा वसूल.’ पाच तारे.

सेट-टॉप बॉक्स, गेमचा कन्सोल, डिस्क प्लेअर या सगळ्यांच्या वायरी पोटात घेणारा, चित्र टीव्हीकडे पाठवणारा, आवाज पाच-सात स्पीकरांत वाटणारा आणि वर त्या स्पीकरांना ताकद पुरवणारा हा डबा. एवढी कामं एकाच पेटीत कोंबली की ती कुठे ना कुठे अडखळणारच. ती कुठे अडखळते हे दुकानदार सांगत नाही, माहितीपत्रकात छापलेलं नसतं. ते ठाऊक असतं फक्त मालकाला. म्हणून हजारोंच्या खरेदीआधी मालकांची मतं वाचणं हे शहाणपणच. गोम एवढीच की बहुतेक मतं लिहिली जातात पहिल्या आठवड्यात आणि या यंत्राचा स्वभाव कळायला वर्ष लागतं.

२०२० चा किस्सा या बाबतीत बोलका आहे. त्या वर्षी डेनॉन, मरांट्झ आणि यामाहाचे नवे रिसीव्हर ‘एचडीएमआय २.१’चा बिल्ला लावून बाजारात आले. घेतलेल्यांनी कौतुकही केलं, आणि खोटं नव्हतं ते. त्या नव्या जोडणीचा कस लागेल असं उपकरण तेव्हा फारसं कुणाच्या घरी नव्हतंच. ऑक्टोबरमध्ये ‘सीटी’ या जर्मन संगणक नियतकालिकाने दाखवून दिलं की यातल्या एचडीएमआय चिपमध्येच खोट आहे. नोव्हेंबरमध्ये एक्सबॉक्स सिरीज एक्स हा गेमचा कन्सोल आला. तो रिसीव्हरमधून जोडून फोर-के चित्र सेकंदाला १२० फ्रेमनी लावलं की पडदा काळाठिक्कर. पुढे डेनॉन-मरांट्झने मालकांना बाहेरून जोडायचा एक अडॅप्टर फुकट दिला, यामाहाने आतला बोर्ड बदलून द्यायची व्यवस्था केली. पण त्याआधी दिलेले पाच तारे मागे घ्यायला कोण बसलंय? सरासरीत ते तसेच चमकत राहतात.

तारे फसवतात, तसा खोक्यावरचा वॉटचा आकडाही फसवतो. नव्वदच्या दशकात आपल्याकडे दोन वितीच्या स्पीकरच्या खोक्यावर हजारो वॉट ‘पीएमपीओ’ छापलेले असत. आज इतकी थापेबाजी नाही, पण चलाखी आहे. वर उल्लेख केलेला एक्स१७००एचच घ्या. एका ठिकाणी तो ८० वॉटचा म्हणून विकला जातो, दुसऱ्या ठिकाणी १४५ वॉटचा. दोन्ही आकडे खरे. ८० हा आकडा दोन चॅनल एकदम चालवून, आठ ओहमच्या स्पीकरवर, २० ते २०,००० हर्ट्झ अशा अख्ख्या पट्ट्यात आवाज जवळपास निखळ ठेवून मोजलेला. १४५ हा एकच चॅनल, सहा ओहम, एकच सूर आणि आवाज टक्काभर बिघडला तरी हरकत नाही अशा सवलतीत मोजलेला. सातही चॅनल १४५ वॉटने खरोखर वाजले तर हजाराहून जास्त वॉट बाहेर पडतील. यंत्राच्या पाठीवरच्या पट्टीत विजेचा खप मात्र त्याच्या निम्माही लिहिलेला नसतो. अमेरिकेत १९७४ पासून वॉट कसे मोजायचे याचा सरकारी नियम आहे आणि २०२४ मध्ये तो आणखी आवळला गेला. आपला ग्राहक अजून मोठा आकडा वाचून हरखतो.

खरं तर ८० आणि १४५ यांत कानाला जाणवणारा फरक जेमतेम अडीच डेसिबलचा. आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. बैठकीच्या खोलीत दोघं-तिघं सिनेमा बघत असतील तर साधे संवाद एखाद्या वॉटमध्येही भागतात. वर्षभर यंत्र वापरलेला मालक वॉटचा विषयसुद्धा काढत नाही, हे उगाच नाही.

तो बोलतो वेगळ्याच गोष्टींबद्दल. टीव्हीचा आवाज गेला, पुन्हा बंद-चालू करावा लागला. टीव्हीच्या रिमोटने रिसीव्हर कधी जागा होतो, कधी नाही. आणि सगळ्यात मोठी तक्रार: बंदुकीची गोळी सुटली की शेजारी दार वाजवतात, पण नायिका काय पुटपुटली ते कळत नाही. ‘संवाद ऐकूच येत नाहीत, एक तारा.’

इथे यंत्रावर अन्याय होतो. आपल्या फ्लॅटमधली बैठक बघा. खाली विट्रिफाइड टाइल, समोर सरकत्या काचा, बाजूला सिमेंटच्या उघड्या भिंती, छताला गुळगुळीत पीओपी. मधोमध उभं राहून टाळी वाजवली तर ‘टण्ण’ अशी शेपटी ऐकू येते. ती शेपटी प्रत्येक शब्दाला चिकटते आणि संवाद चिखलात रुततात. त्यात संवादांचा मधला स्पीकर टीव्ही युनिटच्या कप्प्यात खोल सरकवलेला, कारण पुढे गणपतीची मूर्ती आणि मुलाचा कप. माइकवाल्या मोजमापाने बास आटोक्यात येतो, स्पीकरांची अंतरं जुळतात. पण काचेवरून उडून येणारा आवाज कुठलंही सॉफ्टवेअर गिळत नाही. गोधडी गिळते. दारावर जाड पडदा, जमिनीवर सतरंजी, मधला स्पीकर कप्प्याच्या काठापर्यंत पुढे आणि सेटिंगमध्ये त्याची पातळी दोन-तीन डेसिबल वर. एवढ्यावर एक ताऱ्याचे चार होतात. म्हणून ज्या अभिप्रायात खोलीचा आकार आणि जमिनीवर काय अंथरलंय हे लिहिलेलं नसेल, तो वाचून उपयोग काय?

ऋतूचंही तसंच. जानेवारीत पुण्यात लिहिलेलं मत आणि मे महिन्यात अकोल्यात किंवा नागपुरात लिहिलेलं मत ही एकाच यंत्राची वाटत नाहीत. सुताराने टीव्ही युनिट केलं तेव्हा रिसीव्हर नव्हताच. मग तो दाराआडच्या कप्प्यात बसला, वर सेट-टॉप बॉक्स, त्यावर वायफायचा राउटर. डोक्यावर मोकळी जागा ठेवा असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं, पण पुस्तिका थर्मोकोलबरोबर माळ्यावर गेलेली. पारा ४५ ला टेकला की यंत्र स्वतःला वाचवायला मधेच बंद पडतं, लाल दिवा लुकलुकतो. आणि वळवाच्या पावसात कडाडलेल्या विजेची झळ डिशच्या वायरीतून आत शिरली तर एचडीएमआयची खाच जळते. वॉरंटीच्या बारीक अक्षरात अशा नुकसानीला बहुधा जागा नसते.

तिसऱ्या वर्षी आणखी एक प्रश्न पुढे येतो: सुटा भाग मिळेल का? १९४६ साली सुरू झालेली ओंक्यो ही जपानी कंपनी मे २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली. नाव दुसऱ्यांनी घेऊन पुढे चालवलं. डेनॉन आणि मरांट्झ २०२५ मध्ये हरमनकडे, म्हणजे पर्यायाने सॅमसंगकडे गेले. पाटी तीच राहते, दुरुस्तीवाला बदलतो. त्याची बातमीही सर्वांत आधी मालकांनाच लागते.

भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. लिहिणारा खरा आहे ना, हे तपासावं अशी त्यात अपेक्षा आहे. पण ते पाळणं ऐच्छिक आहे. त्यात एक साधी भर घालायला हवी. अभिप्रायाच्या तारखेशेजारी ‘वस्तू मिळाल्यापासून किती दिवसांनी’ हा आकडा छापा आणि वर्षाने त्याच ग्राहकाला पुन्हा विचारा. विक्रेत्याकडे दोन्ही तारखा असतात, खर्च शून्य. तसं होईपर्यंत वाचणाऱ्याने स्वतःच सहा महिन्यांच्या आतली मतं बाजूला सारावीत, पाच ताऱ्यांची आधी.

आणि जुन्या मालाच्या जाहिराती जरूर वाचाव्यात. मालकाचं सगळ्यात प्रामाणिक मत तिथे सापडतं, त्याच्या नकळत. ‘घर बदलल्यामुळे विकणे आहे. दोन वर्षं वापरलेला, उत्तम स्थितीत. संवाद थोडे कमी ऐकू येतात. बिल, खोकं, रिमोट सोबत. माइक सीलबंद.’